पटावर आहे, वर्गात नाही

चेन्नईच्या नैर्ऋत्येला, सिंगपेरुमाळकोईलहून श्रीपेरुंबुदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कांचीपुरम जिल्ह्यात ओरगडम आहे. पुणेकरांना चाकण म्हटले की जे डोळ्यांसमोर येते, तेच इथे आहे: रुंद रस्ते, त्यांच्या कडेला उभ्या असलेल्या मालमोटारी, आणि लांबच लांब कुंपणांमागचे कारखाने. रेनो-निस्सानचा मोटारींचा कारखाना २०१० साली सुरू झाला, भारतबेंझ मालमोटारींचा २०१२ साली, रॉयल एनफील्डच्या मोटारसायकलींचा २०१३ साली. पाळी बदलायची वेळ झाली की कामगारांना आणणाऱ्या-नेणाऱ्या बसगाड्यांनी रस्ता भरून जातो. हा सगळा पसारा एका साध्या गोष्टीवर उभा आहे. ठरलेला माणूस ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी हवा. जुळणीच्या साखळीवर एक जागा रिकामी राहिली तर पुढचे सगळे खोळंबतात. म्हणून कुठलाही मोठा कारखाना कामगाराच्या हजेरीचा प्रश्न त्याच्या सद्गुणावर सोडत नाही. तो बस पाठवतो, जेवण देतो, माणूस आला नाही तर लगेच चौकशी करतो आणि बदली माणूस उभा करतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाने तर अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उपाहारगृह आणि पन्नासहून अधिक स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. माणूस रोज यावा असे वाटत असेल तर त्याच्या पोटाची, वाटेची आणि तान्ह्या मुलाची सोय लावावी लागते, हे उद्योगाला फार पूर्वी उमगले.

मुलाच्या शाळेतल्या हजेरीबाबत मात्र आपण अजून उपदेशावरच थांबलो आहोत. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायचा, पालकसभेत ‘मुलांना रोज पाठवत जा’ असे सांगायचे, वर्षअखेरीला न चुकता आलेल्या एखाद्या मुलीला पेन द्यायचे आणि बाकीचे तिच्या घरच्यांवर सोडून द्यायचे. माझे म्हणणे असे आहे की नियमित हजेरी ही घडवावी लागते. ती मुलाच्या आवडीतून किंवा आईबापांच्या शिस्तीतून आपोआप उगवत नाही. जिथे समाजाने आणि सरकारने ती जाणीवपूर्वक घडवली तिथे ती टिकली. जिथे घडवली नाही तिथे इमारत, पुस्तके, गणवेश आणि शिक्षकांचे प्रशिक्षण यांवर केलेला खर्च रोज थोडा थोडा वाया जातो, आणि तो कुठल्याही ताळेबंदात दिसत नाही.

मराठीत यासाठी दोन नेमके शब्द आहेत: पट आणि हजेरी. गेल्या शतकातली लढाई पटाची होती आणि ती बरीचशी जिंकली गेली. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या ६ ते १४ वयाच्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांची नावे कुठल्या ना कुठल्या शाळेत होती. त्याच पाहणीत सरकारी प्राथमिक शाळांना भेट दिली त्या दिवशी पटावरच्या मुलांपैकी सुमारे ७६ टक्केच वर्गात बसलेली आढळली. २०१८ साली हे प्रमाण ७२ टक्के होते, म्हणजे सुधारणा आहे. तरीही कुठल्याही दिवशी चारातले एक मूल घरी आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. चौथा हिस्सा गैरहजेरी धरली तर वर्षाला पन्नास दिवस आणि पाच वर्षांत अडीचशे दिवस होतात. पाचवी पूर्ण केलेल्या मुलाच्या वाट्याला सरासरीने पावणेचार वर्षांचीच शाळा येते. ही झाली सरासरी. प्रत्यक्षात काही मुले जवळपास रोज येतात आणि काहींच्या वाट्याला दोन-अडीच वर्षांहून अधिक येत नाही, पण सर्वांच्या दाखल्यावर ‘इयत्ता पाचवी उत्तीर्ण’ हेच शब्द असतात. पट आणि हजेरी यांतली दरी किती खोल असू शकते हे महाराष्ट्राने ऑक्टोबर २०११च्या पटपडताळणीत पाहिले. राज्यभर एकाच वेळी मुले मोजली, तेव्हा १,४०४ शाळांत निम्मीसुद्धा मुले हजर नव्हती. तेव्हाचा सगळा गदारोळ बोगस पटाचा आणि अनुदानाच्या लुटीचा झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. पण त्या रिकाम्या जागांत खरी, नाव-गाव असलेली मुलेही होती. ती कुठे होती, हे विचारायचे राहून गेले.

एक-दोन दिवसांनी काय बिघडते, असे पालक म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात दिवसांची बेरीज असते. दोनशेतला एक दिवस गेला, एकशे नव्याण्णव उरले. शिकणे अशा बेरजेने चालत नाही. दुसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू आहे असे समजा. बेचाळिसातून सतरा वजा करायचे. दोनातून सात जात नाहीत, म्हणून चार दशकांतला एक दशक सुटा करायचा, बारातून सात गेले पाच, उरलेल्या तीन दशकांतून एक गेला दोन, उत्तर पंचवीस. हे समजायला मुलांना काड्यांचा गठ्ठा सोडून पाहावा लागतो, दोन-तीन दिवस लागतात. नेमक्या त्या तीन दिवसांत जे मूल घरी होते, ते परत आल्यावर पाटीवर पस्तीस लिहिते. चारातून एक गेला तीन, आणि दोन-सातच्या जोडीत लहान आकडा मोठ्यातून वजा केला, पाच. त्याने आपल्या परीने तर्क लढवला आहे आणि म्हणून त्याला आपले चुकले असे वाटतही नाही. चुकीची खूण मिळते पण कारण कळत नाही. पुढे भागाकार आला की प्रत्येक पायरीवर तीच वजाबाकी आडवी येते. अपूर्णांक येईपर्यंत त्या मुलाने ‘मला गणित येत नाही’ हे स्वतःविषयीचे सत्य म्हणून स्वीकारलेले असते. हे अपयश मोजताना आपण त्याच्या बुद्धीकडे बोट दाखवतो, कधी शिक्षकाकडे. मूळ असते दुसरीतल्या तीन खाड्यांत, आणि तो हजेरीपट एव्हाना कपाटात बंद झालेला असतो. वाचनाचेही तेच आहे. जोडाक्षरांच्या आठवड्यात घरी राहिलेले मूल ‘विद्यार्थी’ या शब्दापाशी येऊन थांबते आणि पुढे धड्यावरून नुसती बोटे फिरवते.

खाड्याचे नुकसान त्या मुलापुरते राहत नाही, हा भाग फारसा बोलला जात नाही. तीसच्या वर्गात रोज सात-आठ मुले गैरहजर आणि ती रोज वेगवेगळी असतील तर शिक्षकापुढे दररोज एक निराळाच वर्ग बसलेला असतो. काल शिकवलेले आज सातआठ जणांना माहीत नसते. त्यांच्यासाठी थांबावे तर रोज येणारी मुले कंटाळतात, पुढे जावे तर मागची कायमची सुटतात. बहुतेक शिक्षक मधला मार्ग काढतात: कालचेच अर्धवट पुन्हा आणि आजचेही अर्धवट. अशा वर्गात नियमित येणाऱ्या मुलालाही दोनशे दिवसांचे शिक्षण मिळत नाही. म्हणून मी हजेरीला घराची खाजगी बाब मानायला तयार नाही. एका घराचा खाडा बाकीच्या घरांच्या वाट्यातून वजा होतो.

शाळेत असणे आणि नसणे यांतला फरक किती, याचा पुरावा आपल्याला एका संकटाने दिला. मार्च २०२०पासून तमिळनाडूतल्या शाळा बंद झाल्या. प्राथमिक वर्ग नोव्हेंबर २०२१मध्ये उघडले. तिथल्या ग्रामीण भागातल्या सुमारे १९,००० मुलांची चाचणी अभ्यासकांनी शाळा उघडल्यानंतर लगेच घेतली आणि काही महिन्यांनी पुन्हा घेतली. टाळेबंदीपूर्वीच्या त्याच वयाच्या मुलांशी तुलना केली तेव्हा घसरण मोठी होती, आणि गणितातली घसरण तमिळ भाषेतल्या घसरणीच्या दुपटीच्या घरात होती. भाषा घरात, गल्लीत, दूरदर्शनवर कानावर पडते. गणिताला शाळेवाचून दुसरा आसरा नसतो. त्याहून महत्त्वाचे पुढे आहे. शाळा उघडल्यावर सहा महिन्यांत या तुटीचा सुमारे दोन तृतीयांश भाग भरून निघाला. त्यातला जवळपास चौथा हिस्सा ‘इल्लम तेडी कल्वी’ या योजनेमुळे होता. संध्याकाळी वस्तीवस्तीत स्वयंसेवक, बहुतेक स्थानिक स्त्रिया, मुलांना जमवून शिकवत. उरलेली भरपाई मुख्यतः शाळेत परत येण्यातूनच झाली. इमारती त्याच होत्या, शिक्षक तेच होते, पुस्तकेही तीच. मुले रोज येऊ लागली हा बदल मोठा होता.

इथे एक सरळ आणि जोरकस आक्षेप येतो. शाळेत जाऊन तरी काय शिकतात? ‘असर’च सांगते की ग्रामीण भागात पाचवीतल्या जवळपास निम्म्या मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नाही. मग मुलाला रोज तिथे नेऊन बसवण्याचा अट्टहास कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. पहिली गोष्ट, हे आकडे पटावरच्या मुलांचे आहेत. त्यांतली किती मुले पाच वर्षे खरोखर वर्गात बसली होती, हे त्यांत दिसत नाही. शाळेने शिकवले नाही आणि मूल शाळेत नव्हते ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि हजेरी नीट नसेल तर कुठले दुखणे कोणते हे ओळखताच येत नाही. दुसरी गोष्ट, अनियमित हजेरी हे वाईट शिकवणाऱ्याला मिळालेले सर्वांत सोयीचे निमित्त आहे. ‘मुलेच येत नाहीत, मी काय करणार?’ या एका वाक्यापुढे तपासणी अधिकारीही गप्प होतो. वर्ग रोज भरलेला असेल तर हे वाक्य उच्चारता येत नाही. आणि हजेरीचा नियम शिक्षकालाही लागू आहेच. २००३ साली देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन केलेल्या पाहणीत चारातला एक शिक्षक शाळेत नव्हता. महाराष्ट्र त्यात सर्वांत बरा होता, तरी इथेही सातातला एक जण गैरहजर होता. रिकामी खुर्ची आणि रिकामे बाक एकमेकांना आधार देत राहतात. पालकांना शिक्षकाचा भरवसा नाही म्हणून ते मुलाला शेतावर नेतात, आणि वर्ग अर्धा रिकामा म्हणून शिक्षकाचे मन लागत नाही. ही गाठ दोन्ही टोकांनी एकदमच सोडवावी लागते.

हजेरी घडवता येते, असे मी म्हणालो. त्याचा सर्वांत जुना आणि भक्कम दाखला ओरगडमपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, खुद्द चेन्नईत आहे. सप्टेंबर १९२०मध्ये, पी. त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना, मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातल्या आपल्या शाळेत मुलांना दुपारचे खाणे द्यायचा ठराव केला. खर्चाची मर्यादा होती मुलामागे दिवसाला एक आणा. पुढे आणखी चार शाळा त्यात आल्या आणि १९२२-२३मध्ये ८११ असलेली मुलांची संख्या १९२४-२५मध्ये १,६७१ झाली. मग खर्चाच्या कारणाने ते खाणे बंद पडले आणि काही काळाने पुन्हा सुरू करावे लागले. १९५६ साली मुख्यमंत्री कामराजांनी तो विचार राज्यभर नेला, १९८२ साली मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रनांनी त्याला मोठ्या पोषण आहार योजनेचे रूप दिले. दोघांवरही त्या वेळी लोकप्रियतेसाठी तिजोरी उधळल्याचा आरोप झाला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशाला शाळेत शिजवलेले अन्न द्यायला सांगितले, तेव्हा तमिळनाडूकडे दाखवायला या मोठ्या योजनेचाच दोन दशकांचा अनुभव तयार होता. सप्टेंबर २०२२पासून तिथे सकाळची न्याहारीही सुरू झाली आणि २०२३मध्ये ती राज्यातल्या ३१,००० सरकारी प्राथमिक शाळांत पोचली. उपमा, खिचडी किंवा पोंगल, वर भाज्या घातलेले सांबार. खाणे साधेच आहे, पण त्याची वेळ फार विचारपूर्वक निवडलेली आहे. दुपारचे जेवण मूल शाळेत टिकवते, सकाळची न्याहारी मूल शाळेत आणते. पहाटेच्या पाळीला आई-वडील दोघेही बाहेर पडणाऱ्या घरात चूल पेटलेली नसते. अशा घरातले मूल वेळेवर शाळेत हवे असेल तर पहिला घास शाळेतच मिळायला हवा. योजनेनंतर बहुतेक शाळांत उपस्थिती वाढल्याचे राज्याच्या नियोजन आयोगाने नोंदवले, यात आश्चर्य नाही. मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये. याच तमिळ मुलखात, तंजावरचे सरफोजी राजे भोसले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ओरत्तनाडूला मुक्तांबाळ छत्र उभारले, तेव्हा वाटसरूंच्या अन्नछत्रालाच शाळा जोडलेली होती आणि शिकणाऱ्या मुलांची जेवणाची सोय तिथेच होती.

दुसरा आक्षेप जुना आहे आणि सहानुभूतीच्या सुरात येतो. गरिबाच्या घरात मूल म्हणजे कामाचा हात. त्याला रोज शाळेत अडकवणे हा त्या घरावर अन्याय आहे, त्याऐवजी निम्मा वेळ शाळा आणि निम्मा वेळ बापाचा धंदा असे का नको? हा प्रयोगही मद्रास राज्यातच झाला. १९५३ साली राजगोपालाचारींच्या (राजाजींच्या) सरकारने ग्रामीण प्राथमिक शाळेची वेळ दिवसाला तीन तासांवर आणली. उरलेल्या वेळात मुलांनी आईवडिलांकडून घरचे काम शिकावे अशी कल्पना होती. हेतूत कदाचित शाळा कमी आणि मुले जास्त ही अडचण सोडवण्याचा भाग असेलही. लोकांनी मात्र तिला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचे शिक्षण म्हटले आणि तिच्यातले मर्म अचूक पकडले. कुंभाराच्या मुलाने निम्मा दिवस कुंभारकाम करायचे आणि कारकुनाच्या मुलाने निम्मा दिवस पुस्तकांच्या घरात बसायचे, तर दोघांची शाळा कागदावर सारखी आणि आयुष्ये निराळी. प्रचंड विरोध झाला, राजाजी पायउतार झाले आणि १९५४ साली कामराज येताच योजना मागे घेतली गेली. खाडा हाही एक प्रकारे हेच करतो. अनियमित येणाऱ्या मुलाला निम्मी शाळा आणि निम्मे कुळाचे काम मिळते; फरक इतकाच की त्यासाठी कुणाला सरकारी आदेश काढावा लागत नाही.

कामाच्या हातांची ही काळजी नेहमी गरिबांच्याच तोंडून आलेली नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. १९११ साली गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक मांडले. मागणी अगदी माफक होती: सहा ते दहा वयाचे मुलगे, आणि तेही जिथे आधीच बरीच मुले शाळेत जातात अशाच भागांत. मार्च १९१२मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. विरोधकांत शेतावरचे स्वस्त मजूर हातचे जातील अशी धास्ती बाळगणारे जमीनदारही होते. त्याच्या तीस वर्षे आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली होती. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ साली संस्थानभर ती अमलात आणली आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हुकूम काढला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. शाहूंना पटावरच्या नावाने समाधान नव्हते, मूल शाळेत बसलेले हवे होते. त्यासाठी त्यांनी संस्थानाच्या खर्चाने शाळा काढल्या, वसतिगृहांना बळ दिले, आणि मगच दंडाची भाषा केली. हा क्रम आज विसरला जातो. आज सोय कुठे अपुरी पडते ते पाहू.

ओरगडम-श्रीपेरुंबुदूर पट्ट्यात बिहार, ओडिशा, आसाम, झारखंडहून आलेले हजारो कामगार आहेत. त्यांतले जे कुटुंबासह आले त्यांच्या मुलांना समोरच्या सरकारी शाळेतली तमिळ कळत नाही. न कळणाऱ्या भाषेत सहा तास बसणे ही लहान मुलाला शिक्षाच वाटते, आणि काही दिवसांनी ते पोट दुखल्याचे सांगू लागते. याला आळस म्हणणे क्रूरपणाचे आहे. शेजारच्या तिरुवळ्ळूर जिल्ह्यात वीटभट्ट्यांवरच्या ओडिया मुलांसाठी ओडियातून शिकवणारे वर्ग चालवले गेले, त्यामागे हीच समज होती. महाराष्ट्राला हे दुखणे घरचे आहे. बीड आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीच्या टोळ्या निघतात त्या पाडव्यापर्यंत परतत नाहीत. मूल बरोबर गेले तर शाळेचे निम्मे वर्ष फडावर जाते. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, शिक्षण हमी पत्रक आले; जिथे ही वसतिगृहे वेळेवर, म्हणजे टोळी निघायच्या आधी सुरू होतात तिथे आजी-आजोबांपाशी ठेवलेली मुले टिकतात. टोळी गेल्यावर पंधरा दिवसांनी आलेल्या मंजुरीला मात्र काही अर्थ उरत नाही. आणि स्थलांतर गरिबांचेच असते असेही नाही. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली मराठी कुटुंबे चेन्नईच्या साहुकारपेठेतही आहेत. त्यांची गावाची ओढ मोठी आणि आदरणीय आहे. पण गावाकडच्या चैत्रातल्या जत्रा आणि तमिळनाडूतल्या वार्षिक परीक्षा यांचे महिने एकमेकांवर येतात, आणि ओढाताण होते ती मुलाची.

एका खाड्याबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण तो सर्वांत शांतपणे होतो. आई कामावर गेली की धाकट्याला सांभाळायला घरी कोण? थोरली मुलगी. ती नऊ-दहा वर्षांची असते. अंगणवाडीत धाकट्याला सोडावे तर ती तीन वर्षांखालच्याला दिवसभर ठेवून घेत नाही, आणि तिची वेळ शाळेच्या वेळेशी जुळेलच असे नाही. मग ही मुलगी आठवड्यातून दोन दिवस, पुढे तीन दिवस घरी राहते. कुणी तिला शाळेतून काढलेले नसते, तिचे नाव पटावर असते, तिला पुस्तके मिळालेली असतात. कारखान्यातल्या पन्नास स्त्रियांमागे पाळणाघर हवे हे आपल्या कायद्याला १९४८ साली कळले, कारण आई कामावर यायला हवी होती. पन्नास मुलींच्या शाळेमागे पाळणाघर हवे, हे अजून कुठल्याही कायद्यात नाही. मुलगी मोठी होते तशी कारणे बदलतात. स्वच्छतागृहात पाणी नसेल तर महिन्यातले तीन-चार दिवस ती येत नाही. माध्यमिक शाळा पाच-सात किलोमीटर लांब असेल तर तिची हजेरी बसच्या वेळापत्रकावर ठरते. महाराष्ट्रात अहिल्याबाई होळकर योजनेतला एसटीचा मोफत पास मुलींना फार मोठा आधार आहे, पण पास हातात असून शाळा सुटल्यावर दीड तास गाडीच नसेल तर घरचे अंधाराच्या भीतीने तिला पाठवत नाहीत.

सुस्थितीतल्या वाचकाने इथवर मान डोलावली असेल, म्हणून आता त्याच्याकडे वळतो. खाडा गरिबाघरीच होतो असे समजू नये. स्वस्त विमान तिकिटांसाठी सुट्टी लागायच्या चार दिवस आधी निघणे, मामाच्या लग्नाला आठवडाभर, जोडून आलेल्या सणाला पुढचे-मागचे दोन दिवस. यांची बेरीज महिन्याला दोन दिवसांवर सहज जाते आणि दोनशे दिवसांत वीस दिवस म्हणजे दहावा हिस्सा होतो. या घरातले मूल शिकवणी लावून वजाबाकी भरून काढेल, हे खरे. पण आपले काम महत्त्वाचे आणि शाळा ही जमेल तेव्हा जायची जागा, हा धडा त्याने घेतलेला असतो. अकरावी-बारावीला तर हा धडा उघड धोरण बनतो: नाव एका महाविद्यालयात, मूल दिवसभर खाजगी शिकवणी वर्गात, आणि हजेरी कागदोपत्री. ज्या समाजातला वरचा थर पैसे मोजून खोटी हजेरी घेतो, त्याला ऊसतोड्याच्या मुलाच्या खऱ्या गैरहजेरीवर बोलताना शब्द जपून वापरावे लागतील.

तिसरा आक्षेप सक्तीच्या भीतीचा आहे. हजेरीवर भर दिला की शाळा तापाने फणफणलेल्या मुलालाही बोलावतील, कमी हजेरीवाल्या गरीब मुलांनाच शिक्षा होईल, हजेरी हेच योजना बंद करण्याचे हत्यार होईल. ही भीती पोकळ नाही. म्हणूनच शंभर टक्के हजेरीच्या बक्षिसांना माझा विरोध आहे. आजारी मुलाने घरी झोपावे, आजी गेली तर तिच्या तेराव्याला मूल घरच्यांबरोबर असावे, यात शिक्षणाचे काही बिघडत नाही. अमेरिकेत अनेक शाळांत मिळून झालेल्या एका मोठ्या प्रयोगात तर पूर्ण हजेरीचे प्रशस्तिपत्र दिलेल्या मुलांची नंतरची हजेरी थोडी घटलीच. आपण अपेक्षेपेक्षा जास्त केले, आता एखादा दिवस चालेल, असा अर्थ मुलांनी घेतला असावा असे अभ्यासकांना वाटले. दंडही शेवटचा. शाहूंनी १९१७ साली ठेवलेला महिन्याचा एक रुपया तेव्हा टोचणारा होता. महाराष्ट्रात १९९२पासून दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना शाळेत येण्यासाठी दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता ठरला. कल्पना अतिशय चांगली होती. तीस वर्षे उलटली तरी तो रुपयाच राहिला. सगळे दोनशे वीस दिवस आली तर वर्षाचे दोनशे वीस रुपये. सरकारच्या लेखी मुलीच्या हजेरीची किंमत किती, हे यापेक्षा स्पष्ट कुठे लिहिलेले नसेल. हा आकडा आजच्या महागाईला लाजणार नाही इतका वाढवणे ही करायची पहिली गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट खर्चाची नाही. शाळेचा हजेरीपट उघडला तर त्यात हजर आणि गैरहजर अशा दोनच खुणा दिसतात, मूल का आले नाही याला तिथे जागा नाही. कारखान्यात न आलेल्या माणसाची चौकशी त्याच पाळीत होते. शाळेतही ती त्याच दिवशी व्हावी, दटावण्यासाठी नव्हे, कारण लिहून घेण्यासाठी. शिक्षकावर आधीच खानेसुमारीपासून निवडणुकीपर्यंतची ओझी आहेत, हे काम त्याच्यावर टाकू नये. शाळा व्यवस्थापन समितीतले पालक, अंगणवाडीताई, वस्तीतली एखादी शिकलेली मुलगी हे करू शकते. इल्लम तेडी कल्वीने अशी माणसे वस्तीतच असतात हे दाखवून दिले आहे. महिनाभर कारणे लिहिली की आळस म्हणून जे सगळे एका गाठोड्यात बांधले होते ते सुटे होईल. एखाद्याला गृहपाठ न झाल्याची भीती असेल, एखाद्याच्या वडिलांची रात्रपाळी असल्याने सकाळी उठवायला कुणी नसेल, एखाद्याची चप्पल तुटली असेल आणि रस्ता तापत असेल. आणि समजा, एकाच आळीतल्या अकरा मुलींच्या नावापुढे ‘सकाळी नळाला पाणी येते तेव्हा भरायला थांबली’ असे लिहिलेले निघाले, तर त्या अकरा घरी जाऊन शिक्षणाचे महत्त्व सांगायचे नसते. शाळा भरायच्या वेळेला नळ सोडायचा नाही, एवढा ठराव ग्रामसभेने करायचा असतो.